चोर्ला घाटात तापलेली मर्सिडीज: बांधायची की विकायची?

वाहनांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या वेळी घेतलेली सगळी पत्रं एकाच दुखण्याची आहेत: हौसेने घेतलेली, आता जुनी झालेली मोठी गाडी तापली, पुढे काय? पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला गुंता बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न: आमच्याकडे २००८ची मर्सिडीज ई २२० सीडीआय आहे, १,३८,००० किलोमीटर झालेली. फेरनोंदणी केली आहे, ती २०२८पर्यंत आहे. बेळगावला जाताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा तांबड्यात गेला. थांबायला जागा मिळेपर्यंत चालवत राहिलो. मध्येच काटा आपोआप खाली आला, म्हणून निवळलं असं समजून तीन-चार किलोमीटर आणखी गेलो. मग गाडी ओढेना, शेवटी बंद पडली. एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलं, १,८५,००० रुपये लागतील. दुसरा म्हणतो वापरलेलं इंजिन बसवा, २,६०,०००. दोघांनीही अजून काही उघडलेलं नाही. आहे तशी घ्यायला एक जण ९०,००० द्यायला तयार आहे. चालू स्थितीत अशा गाडीचे इथे पावणेचार लाखांपर्यंत येतात असं कळतं. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी त्या खाली आलेल्या काट्याबद्दल बोलू, कारण तुमचा निम्मा निर्णय तिथेच अडकला आहे. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) बुडालेला असतो. कूलंट वाहून गेलं की तो कोरडा पडतो आणि हवेचं किंवा वाफेचं तापमान सांगू लागतो. हेड तापतच असतं आणि काटा मात्र खाली येतो. म्हणजे ते तीन-चार किलोमीटर तुमचं इंजिन बहुधा पाण्याविना, चढावर, भाराखाली चाललं. तांबड्या काट्यावर लगेच बंद केलेली गाडी आणि कोरडी चाललेली गाडी यांची दुखणी वेगळी असतात. पहिलीत बहुतेक वेळा गॅस्केटवर निभावतं. दुसरीत हेड वाकणं, हेडचा धातू मऊ पडणं, पिस्टन आणि बोअरवर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या भिंतीवर) ओरखडे येणं, हे सगळं शक्य असतं. म्हणून न उघडता सांगितलेले १,८५,००० आणि २,६०,००० हे दोन्ही आकडे आज आम्ही धरणार नाही.

हेड का वाकतं, तेही समजून घ्या. या ओएम ६४६ इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट वाढतं. अर्धा मीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा ५० अंश जास्त तापलं तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त वाढू पाहतं, खालचा ब्लॉक मात्र पाव मिलिमीटरच्या आसपासच वाढतो. मधल्या फरकाला बोल्ट जागा देत नाहीत, त्यामुळे धातू आतल्या आत दबतो आणि थंड झाल्यावर हेड केळ्यासारखं वाकलेलं राहतं. गॅस्केट या ओढाताणीत घासून फाटतं. गॅस्केट फाटणं हा परिणाम झाला. मूळ कारण त्याच्या आधीचं असतं: फुटलेला होज, तडकलेली रेडिएटरची प्लास्टिक नळी, अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप), फिरणं सोडलेला पंखा किंवा दाब न धरणारं झाकण. ते कारण न शोधता गॅस्केट बदललं, तर पुढच्या घाटात तेच पुन्हा होतं.

झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी यांचं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. १.४ बारच्या झाकणाखाली तेच १३० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की हा सगळा आधार जातो आणि चढावर ११० अंशांनाच टाकी उकळते.

आता तपासाचा क्रम. तो मोडू नका.

गाडी बंद पडल्यापासून कुणी स्टार्टर मारला असेल तर तो आजपासून थांबवा. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तीस-चाळीस हजारांचं काम तीन लाखांवर जातं. आधी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला सिलिंडर तापवणारे प्लग) काढायला सांगा, मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. भोकातून पाणी उडालं तर निम्मं उत्तर मिळालंच. कुठे खरखर किंवा अडकल्यासारखं लागलं तर जोर लावू नका. या इंजिनाचे ग्लो प्लग जुने झाले की काढताना तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं आणि झटका न देता, थोडं पुढे थोडं मागे करत काढावेत.

ग्लो प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घाला. पिस्टनच्या डोक्यावर काळा कार्बन असणं ठीक. चारांतलं एकच पिस्टन धुतल्यासारखं स्वच्छ दिसलं तर तिथे पाणी जात होतं. बोअरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले, आणि त्यात रुपेरी ॲल्युमिनियम चिकटलेलं दिसलं, तर पुढचं काही करूच नका. त्या ब्लॉकवर नुसतं हेड बांधणं म्हणजे पैसे वाया.

ऑइलची दांडी आणि झाकण बघा. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे पाणी मिसळलं. पण कूलंटच्या टाकीत तेलकट साय दिसली म्हणून लगेच गॅस्केटवर बोट ठेवू नका. या गाडीत ऑइल थंड करणारा कूलर कूलंटवरच चालतो, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या आतल्या नळीत थंड होतं. दोन्हीकडून गळती होऊ शकते. गिअरबॉक्सचं तेल गुलाबी दुधासारखं झालं असेल तर खर्चाचा आराखडाच बदलतो, कारण ग्लायकोल (कूलंटमधलं मूळ रसायन) क्लचच्या प्लेटांचं अस्तर सोडवतं. ते तेल आधीच तपासून घ्या. इंजिन बांधून झाल्यावर ही बातमी कळू नये. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडा. चमकणारे कण, विशेषतः तांबूस किंवा राखाडी पापुद्रे, बेअरिंगचे असतात.

मग थंड इंजिनावर कूलिंगची प्रेशर टेस्ट. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरा, १५ ते २० मिनिटं ठेवा. बाहेर थेंब दिसला तर मूळ कारण सापडलं. बाहेर कोरडं आणि पंपावरचा दाबाचा काटा खाली येतोय, तर गळती आत आहे: गॅस्केट, तडा गेलेलं हेड, किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग). ईजीआर कूलरची गळती पांढरा धूर आणि पाणी कमी होणं हीच लक्षणं दाखवते, आणि तिच्यासाठी हेड उतरवायची गरज नसते.

इंजिन हाताने मोकळं फिरत असेल तर कॉम्प्रेशन मोजा. या प्रकारच्या डिझेलमध्ये २५ बारच्या वर आणि चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. दोन शेजारचे सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फाटलं. त्याहून बोलकी लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि ती कुठून निघते ते ऐकायचं. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. ऑइलच्या झाकणातून वारा आला तर रिंगा आणि बोअर. सायलेन्सरमधून फुसफुसलं तर वाल्व्ह. १०-१५ टक्के गळती चालते. ३० टक्क्यांच्या वर गेली तर ते इंजिन दुखावलेलं आहे.

हे सगळं एका दिवसाचं काम आहे आणि त्यासाठी हेडचा एकही बोल्ट सोडावा लागत नाही. एवढं करायला जो तयार नसेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

तपासणीत बोअर चांगले आणि बेअरिंग शांत निघाले, तर हेड उतरवायला हरकत नाही. पण मेकॅनिकशी लिखित ठरवा: हेड उतरलं की थांबायचं, मोजायचं, तुम्हाला दाखवायचं, मग पुढचा खर्च. मशीन शॉपवाल्याकडून चार गोष्टी कागदावर घ्या.

पहिली, सपाटी. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. चार सिलिंडरच्या हेडला बहुतेक कंपन्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरमध्ये असते. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यायचा. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तसाच मोजायचा, तो बरेच जण विसरतात.

दुसरी, प्रेशर टेस्ट. हेडचे पाण्याचे मार्ग बंद करून, गरम पाण्यात बुडवून आत हवा. थंड हेडमध्ये न दिसणारा तडा गरम झाल्यावर उघडतो. दोन वाल्व्हमधला अरुंद पूल आणि इंजेक्टरचं भोक या तड्याच्या आवडत्या जागा.

तिसरी, धातूचा कडकपणा. हेडचं ॲल्युमिनियम कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. ते खूप तापलं की ही प्रक्रिया उलटते आणि धातू कायमचा मऊ पडतो. अशा हेडला कितीही सुंदर फेसिंग मारलं (तळ घासून सपाट केला) तरी बोल्टखालची जागा दबत जाते, पकड सैल होते आणि काही हजार किलोमीटरांत गॅस्केट पुन्हा जातं. हार्डनेस टेस्टरने एक आकडा न तापलेल्या कोपऱ्यातला घ्या, दुसरा मधल्या सिलिंडरांजवळचा. फरक ठळक असेल तर ते हेड भंगारात. तुमची गाडी कोरडी चालली असल्यामुळे ही चाचणी तुम्ही कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.

चौथी गोष्ट कॅमशाफ्टची, म्हणजे वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. वाकलेल्या हेडचा तळ घासून सपाट करता येतो, पण वरची कॅमची बेअरिंगं वाकलेलीच राहतात. टॅपेट काढून, कॅम आणि कॅप बसवून, नेमक्या टॉर्कला (कसण्याच्या ठरलेल्या जोराला) कसून कॅम हाताने फिरवा. एकाही जागी अडकला तर नुसत्या फेसिंगने काम होणार नाही. हेड प्लेटवर बांधून, गरम करून सरळ करावं लागेल. ते करणारे कारागीर कमी आहेत. गोव्यात नाही जमलं तर हेड बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मशीन शॉपला पाठवण्याची वेळ येऊ शकते, तो वेळ धरून चाला. डिझेलमध्ये फेसिंग हातराखूनच मारायचं. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर येतो, वाल्व्हला जागा मुळातच कमी असते, इंजेक्टरची नळीही तेवढीच खाली येते.

सगळं पास झालं तर बांधताना हेड गॅस्केट, हेडचे सगळे बोल्ट, १६ वाल्व्ह सील, ४ इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर आणि त्यांच्या क्लॅम्पचे बोल्ट, मॅनिफोल्डची गॅस्केटं, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, वरचा-खालचा होज, टाकीचं झाकण, बेल्ट, हे नवं घाला. हेडचे बोल्ट कोनात ओढून कसले जातात आणि त्यात ते लांबतात. जुने परत लावून बचत करू देऊ नका. बोल्टांच्या भोकांतलं तेल आणि पाणी हवेने उडवा, नाहीतर टॉर्क खोटा दाखवला जातो. ऑइल साडेसहा लिटर लागतं. पाणी मिसळलं असेल तर आधी साधं ऑइल भरून इंजिन १५-२० मिनिटं चालवा, ते काढा, मग चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर, आणि ५०० किलोमीटरला पुन्हा बदला.

आता पैसा. चालू किंमत ३,७५,००० आणि आहे तशी ९०,०००, म्हणजे दुरुस्तीला वाव २,८५,००० रुपयांचा. जुन्या गाडीत आम्ही या फरकाच्या दोन तृतीयांशाहून जास्त खर्च मंजूर करत नाही, कारण हेड उघडल्यावर तुटलेला ग्लो प्लग, चिकटलेला इंजेक्टर, कडक झालेल्या वायरी असं काहीतरी निघतंच. तुमची मर्यादा त्या हिशेबाने १,९०,००० येते. १,८५,००० त्यात जेमतेम बसतात, पण त्यात वर सांगितलेले सगळे भाग आणि मशीन शॉप धरलेलं असेल तरच. २,६०,०००चं वापरलेलं इंजिन बसत नाही. त्यावर माउंटिंग, ऑइल, कूलंट, कागदपत्रं धरली की विकताना हातात ९०,०००हून कमीच उरतील, आणि त्या इंजिनाचा इतिहासही तुम्हाला माहीत नसेल.

म्हणून आमचा सल्ला: तपासणी करा, बोअर चांगले निघाले तर हेड उतरवा, हेड कडकपणात आणि कॅमच्या परीक्षेत पास झालं तर बांधा. यात कुठेही नापास झालं तर ९०,००० घ्या. गाडी आणखी पाच वर्षं ठेवायची असेल, बाकीची बॉडी, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स उत्तम असतील, तर मर्यादा थोडी वाढवायला आमची हरकत नाही. फक्त २०२८मध्ये पुन्हा फेरनोंदणीसाठी तपासणीला उभं राहावं लागेल. खालून गंज किती आहे हे इंजिनावर पैसे घालण्याआधी लिफ्टवर चढवून बघा. समुद्राच्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि सबफ्रेम खाल्लेली गाडी इंजिनाने कितीही चांगली झाली तरी तपासणीत अडते.

विम्यातून काही मिळण्याची आशा धरू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

प्रश्न: २००९ची बीएमडब्ल्यू ५२५आय, ९८,००० किलोमीटर. वेर्ण्याजवळ तांबडा इशारा आला, मी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. स्कॅनरवर पाण्याच्या पंपाचा दोष दाखवतो. एका ठिकाणी म्हणाले पंप बदला, दुसरीकडे म्हणाले इंजिन उघडावं लागेल.
— एक वाचक, मडगाव

उत्तर: तुम्ही एका मिनिटात बंद केलं, म्हणजे गाडी वाचवली असण्याची शक्यता मोठी आहे. उघडू नका.

या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनात पाण्याचा पंप बेल्टवर फिरत नाही, तो विजेवर चालतो. जुन्या पंपासारखा तो आधी गळून किंवा आवाज करून सूचना देत नाही. आतलं इलेक्ट्रॉनिक्स थकलं की एका क्षणात थांबतो. एक लाख किलोमीटरच्या आसपास ते होणं अगदी अपेक्षित आहे. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटाही नसतो, थेट इशाराच येतो. त्यामुळे इशारा आला की घर जवळ आहे म्हणून पुढे न जाणं, तुम्ही केलं तेच बरोबर.

पंप आणि थर्मोस्टॅट एकत्रच बदला, दोघांची जागा एकच आहे आणि मजुरीही एकदाच पडते. पंपाचे बोल्ट ॲल्युमिनियमचे आहेत, एकदाच वापरायचे. इथे मेकॅनिकवर नीट लक्ष ठेवा. या इंजिनाच्या ब्लॉकचं बाहेरचं कवच मॅग्नेशियमचं आहे. हाताशी आहे म्हणून लोखंडी बोल्ट ठोकला तर दोन धातूंमध्ये गंजाची प्रक्रिया सुरू होते, आणि आपल्या खाऱ्या हवेत ती लवकर आटे खाऊन टाकते.

कूलंट भरल्यावर हवा काढायची पद्धतही वेगळी. बॅटरीला चार्जर लावा. इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करा. हीटर सगळ्यात गरम, ब्लोअर सगळ्यात मंद. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा सेकंद धरा. पंप स्वतः फिरायला लागेल, साधारण बारा मिनिटं फिरून थांबेल. पातळी खाली गेली असेल तर भरा आणि पुन्हा एकदा करा. ही पायरी गाळून इंजिन चालू केलं तर हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो आणि नव्या पंपावरच गाडी पुन्हा तापते.

त्यानंतर ३०० किलोमीटर शहरात जपून चालवा आणि कूलंटच्या टाकीवर गॅस टेस्ट करा. निळा द्रव पिवळा झाला तर जळलेला वायू पाण्यात येतोय. निळाच राहिला तर निर्धास्त व्हा. पिवळा झाला, तर मात्र गणित वाईट आहे. हेडचे बोल्ट ज्या आट्यांत बसतात ते आटे तापल्यावर ब्लॉकमधून निघून येतात, आणि ते दुरुस्त करणं सरावाच्या हातांचंच काम आहे. एवढ्या जुन्या ५२५आयवर ते काम आम्ही सहसा सुचवणार नाही.

प्रश्न: आमची गाडी पर्वरीच्या कोंडीत तापते, वर एसी लावला की हमखास. अटल सेतूवर आलो की दोन मिनिटांत निवळते. रेडिएटर बदलायला सांगतात.
— एक वाचक, पणजी

उत्तर: घाई नको. थांबलेल्या गाडीत तापणं आणि वेगात निवळणं याचा अर्थ वारा कमी पडतोय, पाणी फिरतंय. एसी लावून पंखा पूर्ण वेगाने फिरतो का ते बघा. मंद वेगात फिरतो आणि जोरात फिरत नाही, असा दोष पंख्याच्या कंट्रोल युनिटमध्ये असतो आणि तो वरवर बघून कळत नाही. स्कॅनरवरून पंखा शंभर टक्क्यांवर चालवून बघता येतो.

पंखा ठीक असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघा. डिचोली, सत्तरी, सांगे भागात फिरलेल्या गाड्यांत तिथे लाल धुळीचा पातळ लेप बसलेला असतो, समोरून जाळी स्वच्छ दिसते. पंखा काढून आतून बाहेरच्या दिशेने साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात. समुद्रकाठच्या गाड्यांत या पाकळ्या बोटाने चुरा होण्याइतक्या गंजलेल्या सापडतात. तसं असेल तर रेडिएटर बदलणंच योग्य.

उलट लक्षण, म्हणजे कोंडीत ठीक आणि अनमोड किंवा करमल घाट चढताना गरम, असं असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही असं समजा. आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा पंपाचं झिजलेलं पातं.

प्रश्न: विहिरीचं पाणी घातलं तर चालतं का? आणि कूलंट कोणत्या रंगाचं?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: विहिरीचं नको. जांभ्या दगडातून आलेल्या पाण्यात लोह असतं, त्याचा गाळ बसतो. खाडीच्या किंवा खाजनाच्या जवळच्या विहिरीत मीठही उतरतं, आणि मिठाचं पाणी ॲल्युमिनियमला आतून बारीक भोकं पाडतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा, निम्मं ते आणि निम्मं कूलंट.

इथे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. कूलंट उकळण्याचं तापमान वाढवतं, गंज रोखतं आणि पंपाच्या सीलला वंगण देतं. रंगावर जाऊ नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, एकाच रंगात वेगवेगळी रसायनं मिळतात आणि दोन विसंगत कूलंट मिसळली तर जेलीसारखा गाळ होतो. डब्यावर गाडीच्या कंपनीचा मान्यता क्रमांक बघा आणि मॅन्युअलमधल्या क्रमांकाशी जुळवा. रस्त्यात अडलात तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी घालून घरी यायला हरकत नाही, पण इंजिन निवल्यावरच, आणि आठवड्याभरात सगळं काढून नीट भरून घ्या.

प्रश्न: गळती बंद करणारं द्रव कूलंटमध्ये घालून हेड गॅस्केटचं काम टळतं का?
— एक वाचक, साखळी

उत्तर: नाही. ते द्रव बारीक फटीत गोठतं, तसंच हीटरच्या आणि ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांतही गोठतं. गॅस्केटजवळ ज्वलनाचा दाब इतका असतो की थर टिकत नाही. पुढे हेड उतरवलं तर सगळे मार्ग साफ करण्याचा खर्च वेगळा. विकत घेत असलेल्या जुन्या गाडीच्या टाकीत तपकिरी, तांबेरी चमक किंवा वाळूसारखा गाळ दिसला तर हे द्रव घातलेलं असू शकतं. ती गाडी सोडा.

प्रश्न: मेकॅनिकने मुंबईहून वापरलेलं इंजिन आणून बसवायचं सुचवलं आहे. आरटीओचं काही करावं लागतं का? आणि इंजिन घेताना काय बघावं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: करावं लागतं, आणि ते टाळू नका. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तो आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यावी लागते आणि तसा बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत आपल्या नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. काम सुरू करण्याआधीच कार्यालयात जाऊन कोणते कागद लागतील ते विचारून घ्या. इंजिन विकणाऱ्याचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर आणि ते ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं मागा. बिल नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर गाडी तुमच्या दारातून उचलली जाते. नंबर जुळत नसेल तर गाडी नावावर चढत नाही आणि विम्याचा दावाही अडतो. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा.

तुमचा ब्लॉक चांगला असून फक्त हेड गेलं असेल तर दुसऱ्या इंजिनाचं हेड घ्या, नंबर तोच राहतो आणि हा सगळा कागदांचा खटाटोप वाचतो.

इंजिन बघताना ते टेबलावर पडलेलं नको, शक्य तर गाडीतच चालू असलेलं ऐका. नुसतं मोकळं पडलेलं असेल तर चारही सिलिंडरांत कॅमेरा घाला, लीक-डाउन करा, ऑइलच्या झाकणाखाली बघा. ऑइल कोक झालेलं, तपकिरी लाखेसारखं चिकटलेलं असेल तर तेही कधीतरी तापलेलंच आहे. पाण्याच्या तोंडाशी ॲल्युमिनियम खाल्लेलं दिसलं तर त्या गाडीत आयुष्यभर साधं पाणी घातलं होतं. इंजिनाचा पूर्ण कोड, फक्त सीसी नव्हे, तुमच्या जुन्या इंजिनाशी जुळायला हवा. एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक इंजेक्टर, सेन्सर आणि टर्बो बदललेले असतात. गाडीत बसवण्याआधी पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँकचं मागचं सील बदलून घ्या. इंजिन बाहेर असताना ही कामं तासाभराची आहेत, आत गेल्यावर सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि जुनं इंजिन ज्या कारणाने तापलं ते कारण, रेडिएटर असो वा पंखा, नव्या इंजिनाच्या आधी दुरुस्त करून घ्या.